ठिबकचा माल

१८ मार्च
खामगावच्या डॉक्टरनं सांगतलं, बाई, तुमचं बीपी गोळीनं उतरत नाही, कारण ते तोंडातून वर चढते. राग आला का बोलू नका, लिहून काढा. म्हटलं ठीक हाये. पाइप कंपनीची फुकटची डायरी दुकानात पडून होती, तिच्यात लिहून राह्यली.

तं आजचा राग असा. जिंदगीत पहिल्यांदा आम्ही चीनहून सरळ माल मागवला. आतापर्यंत अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून घेत होतो अन् तो आमच्या डोक्यावर मिरे वाटत होता. आता माल न्हावाशेव्याच्या बंदरात येऊन पडला, अन् कस्टमवाले सोडत नाहीत. माल काय? प्लास्टिकचे जॉइनर, टी, एल्बो, छोटे कॉक अन् ड्रिपर. सारा ठिबकचा माल. कागदावर तेच लिहलं, कस्टमच्या यादीतला नंबर टाकला चौऱ्यांशी-चोवीस. तो ठिबकच्या सामानाचा नंबर, त्याले कर कमी. आता कस्टमवाले म्हणते, हे ठिबकचं नाही, हे प्लास्टिक पाइपचे जोड हाये, याचा नंबर एकोणचाळीस-सतरा. त्याले कर जास्त.

ज्या माणसानं संत्रं फक्त गिलासात पाह्यलं, तो मले सांगणार ठिबक काय असते!

आमच्याकडं गिऱ्हाईक येते अन् म्हणते, दोन एकराचा ठिबकचा माल द्या. कोणी जोड म्हणत नाही, कोणी व्हॉल्व्ह म्हणत नाही. मी डोळे झाकून पोतं भरते. सारं जळगाव जामोद असंच बोलते. ऑर्डरीच्या वेळी सून पुटपुटत होती, आई, जोड वेगळे लिहू, कॉक वेगळे लिहू, ड्रिपर वेगळे लिहू. म्हटलं, एका पोत्यातला माल तीन ठिकाणी लिहाले आपण येडे हावो का? ते बी.कॉम. झाली म्हणून कागदपत्रं तिच्याकडं देली, तं ती मलेच शिकवते.

आज तिले म्हटलं, पाह्यलं अर्पिता, तुह्या कागदानं काय केलं? ती चहा ठेवाले गेली. या पोरीचं हेच मले आवडत नाही. माणसानं भांडावं तं तोंडावर भांडावं.

२२ मार्च
अर्पिता नागपूरले गेली. कस्टम एजंटच्या परवान्याची परीक्षा देऊन राह्यली. दोन वर्षांपासून पहाटे उठून अभ्यास करते. लग्न झालं, दुकान हाये, नवरा हाये, आता परवाना कायले पाह्यजे ते तिलेच माहीत. हर्षल म्हणते, आई, पूर्ण जिल्ह्यात असा माणूस नाही, आपल्याच घरात होईन. माह्या पोराले बायकोचं भलतंच कौतुक.

अन् नेमका आजच बंदरावरच्या एजंटचा फोन. कस्टमनं विचारलं, हा माल फक्त ठिबकालेच लागते याचा पुरावा द्या. अर्पिता जाताना सांगून गेली होती, काही पाठवू नका, मी आली का पाहते. का बाप्पा? दुकान तिचं हाये का माह्यं?

हर्षलले म्हटलं, काढ फोटो. नवीन लुगडं नेसली. दुकानाबाहेर उभी राह्यली, एका हातात टी, एका हातात एल्बो, मागं गिऱ्हाईक, पाइपाचे बंडल, अन् वर आपला मोठा बोर्ड पूर्ण. एक नंबर फोटो आला. म्हटलं, पाठव त्यायले. पाहू दे, असली ठिबकचं दुकान कसं असते.

३१ मार्च
काल पाडवा, आज ईद. जब्बारभाऊ शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. हे आपल्या दुकानाचे जुने फिटर. आम्ही माल विकतो अन् ते बागात जाऊन बसवते. सोनाळ्याच्या एका संत्र्याच्या बागात त्यायचं काम अर्धं राह्यलं. नळ्या अंथरल्या, जोड नाहीत.

"बाई, झाडं माह्याकडं पाहून राह्यली," म्हणे. "मी तिकडून तोंड लपवून येतो."

त्यायले फोटो दाखवला. त्यायनं मोबाईल जवळ घेतला, मंग दूर धरला.

"बोर्ड बी आला यात?"

"आला नं! पूर्ण आला. अक्षर अन् अक्षर वाचता येते."

"हाव," म्हणे, अन् डबा रिकामा करून द्या म्हणत उठले. एवढ्या चांगल्या फोटोले माणसानं दोन शब्द बरे बोलावं का नाही? सणाच्या दिवशी मी काही बोलली नाही.

९ एप्रिल
माह्या हातून आज कोणाचा तरी जीव गेला असता.

कस्टमची नोटीस आली. हर्षलनं वाचून दाखवली. आयातदारानं स्वतःच पाठवलेल्या छायाचित्रात फलक दिसतो. त्यावर लिहलेलं हाये, "शेताले लावा, कूलरले लावा, नळाले लावा, गळणार नाही!" म्हणून हा माल फक्त ठिबकचा नाही हे आयातदारच सांगून राह्यला.

अरे, कूलरले लावलं तं काय झालं! त्या साहेबानं एकदा एप्रिलात इकडं येऊन पाहावं. अख्ख्या वऱ्हाडात कोणता कूलर ठिबकच्या नळीबिगर चालते? माठ, मोरी, कूलर, सगळीकडं आम्ही तेच जोड लावतो. म्हणून ते ठिबकचे नाहीत? माह्या लुगड्यानं मी हात पुसला तं ते लुगडं नाही, फडकं झालं का?

हर्षलले विचारलं, "कोणत्या गाढवानं पाठवला हा फोटो?"

तो म्हणे, "आई, तूच."

"मी पाठव म्हटलं. तुले अक्कल नाही का बे? बोर्ड कापून पाठवता येत नव्हता?"

अर्पिता नागपूरहून कवाच आली होती. तिनं नमुन्याच्या डब्यातून काउंटरवर तीन ढीग केले. एकात जॉइनर, टी, एल्बो. दुसऱ्यात कॉक. तिसऱ्यात ड्रिपर. म्हणे, "आई, आपण वस्तू कशाले लागते त्याच्यावरून नाव ठेवतो. कस्टम विचारते, वस्तू स्वतः काय हाये. दोन नळ्या जोडते ते पाइपचा जोड, मंग तो बागात असो का बाथरूमात. उघड-बंद करते तो व्हॉल्व्ह, त्याचा नंबर तिसराच. थेंब थेंब सोडते तो ड्रिपर, तेवढाच ठिबकचा. बोर्ड नसता तरी त्यायनं हेच म्हटलं असतं."

इतकं सोपं! एका मिनिटात कळलं मले.

म्हटलं, "मंग हे आधी काऊन नाही सांगतलं वं?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग ढीग पुन्हा एका डब्यात भरले अन् चहा ठेवाले गेली. सांगा, यात रुसण्यासारखं काय होतं?

१० एप्रिल
पेंटरले बोलावून बोर्डावरचं कूलर पुसून घेतलं. नळ बी पुसला. आता नुसतं "शेताले लावा, गळणार नाही" राह्यलं. दुपारून दोन जण आले अन् विचारते, बाई, कूलरची नळी बंद केली का?

उचलून फेकावं वाटते सारं.

२४ एप्रिल
अकोल्याचे वकीलसाहेब आले. कस्टमचेच खटले पाहते. गोरेपान, बुटाले धूळ लागली तं रुमालानं पुसते. त्यायनं सांगतलं, माल कोणत्या नंबरात जाते हे आता भांडाचा विषय नाही, आपण हरलो. आता पाहाचं एवढंच, का चूक भोळेपणानं झाली का जाणूनबुजून. जाणूनबुजून म्हटलं तं माल जप्त, वरून भारी दंड. भोळेपणानं म्हटलं तं फरकाचा कर भरा अन् माल घेऊन जा.

मी म्हटलं, "आम्ही भोळेच हावो."

म्हणे, "तुम्ही एवढ्या वर्षांच्या व्यापारी, तुमचं कोणी ऐकणार नाही. पण एजंटला गेलेला मेल अर्पिता मॅडमच्या नावाचा आहे. आपण सुनावणीत साहेबांसमोर म्हणू, नवीन मुलगी, अनुभव नाही, तिनं चुकून नंबर टाकला. तिच्यावर नाममात्र दंड लागेल. प्रकरण संपेल."

हर्षल उभा होता. त्यानं विचारलं, "अन् तिचा परवाना?"

लेखी परीक्षा ती पास झाली हे मले तवा समजलं. मले कोणी सांगतलं नव्हतं. आता तोंडी राह्यली. वकील म्हणे, कस्टमच्या आदेशात दंडासोबत नाव आलं का परवाना विसरायचा. ज्याच्यावर कस्टमचा दंड त्याला कस्टमचा परवाना कोण देते?

हर्षल जमिनीकडं पाहे. मी पंख्याकडं पाह्यलं. मंग अर्पिता म्हणे, "चालन. दुकान राह्यलं पाह्यजे. माह्यं नाव टाका."

वकीलसाहेब खूश. म्हणे, समजूतदार सून मिळाली तुम्हाला. मले तवापासून असा संताप येऊन राह्यला का काही विचारू नका. कोणावर ते समजत नाही. त्या वकिलाच्या बुटावर असन.

२६ एप्रिल
गोळी घेतली. दुसरी बी घेतली.

१ मे
काल भेंडवळले घट मांडले. आज पहाटे अर्धं गाव पिकापाण्याचं भाकीत ऐकाले गेलं, दुकानात माशी नाही. जब्बारभाऊ आले, त्यायले सारं समजलेलं. हर्षलच्या पोटात काही राहत नाही.

म्हणे, "बाई, ऐकलं का तुमच्या दुकानात आता सूनबाई ठरवते?"

"कोण म्हणते?"

"तुम्हीच म्हणणार हाये म्हणते, साहेबासमोर. आम्हाले तं माहीतच नव्हतं. आम्ही इतकी वर्षं उगाच तुम्हाले भेऊन राह्यलो." अन् हासते. "आता मले उधारी पाह्यजे असली तं तिलेच विचारीन."

म्हटलं, जब्बारभाऊ, तुम्ही फिटर हाये, फिटरसारखं राहा. ते हासतच गेले. दिवसभर माह्या डोक्यात तेच. माह्या दुकानात सून ठरवते! सासरा जिवंत होता तवा त्याचं चाललं नाही. नवरा तं बिचारा बागातून घरी येते तवा चप्पल कुठं काढू विचारते. अन् सून ठरवते!

६ मे
आज सुनावणी झाली. व्हिडिओवरच असते म्हणे आता, साहेब कुठं बसते तेही समजत नाही. दुकानामागच्या खोलीत लॅपटॉप ठेवला. कूलरचा आवाज येते म्हणून वकिलानं कूलर बंद कराले लावला. चौघंही घामानं निथळून राह्यलो. वकिलानं मले सांगून ठेवलं होतं, तुम्ही फक्त "हो, चुकून झालं" म्हणा. तीन शब्द. मी पाठ केले होते.

साहेब नव्हता, बाई होती. तरणीताठी, चश्मा, पुण्याकडची भाषा, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. वकिलानं आपलं सारं सांगतलं, नवीन मुलगी, अनुभव नाही, प्रामाणिक चूक. अर्पिता माह्या बाजूले बसली होती, मान खाली. तिच्या गळ्यावरून घाम जाऊन राह्यला होता अन् ती पुसत बी नव्हती.

मंग ते मॅडम मले म्हणे, "आजी, म्हणजे तुमच्या दुकानात वर्गीकरणाचा निर्णय सूनबाई घेतात, असं समजायचं का? तुम्हाला त्यातलं फारसं काही माहीत नसतं?"

आजी!

माह्या डोक्यात काय झालं ते मलेच माहीत नाही. म्हटलं, "कोणाची आजी? बाई, हे दुकान माह्यं हाये. कोणता खिळा कुठं ठोकाचा ते मी ठरवते. ते पोरगी काय ठरवणार? तिनं तं तीनदा सांगतलं होतं, आई, हे एकोणचाळीस-सतरात जाते, कॉक वेगळे, ड्रिपर वेगळे. मीच म्हटलं गप बस, माह्यं ऐक, चौऱ्यांशी-चोवीस टाक. माह्यासमोर बसवून टाकाले लावलं! माह्या हुकमाबिगर या दुकानात एक कॉक बी फिरत नाही!"

वकिलानं लॅपटॉपवर झडप घातली. आवाज बंद केला, पण मॅडमनं सारं ऐकलं होतं. तिनं चश्मा काढला. आवाज सुरू करा म्हणून खूण केली.

"हे मी तुमचा जबाब म्हणून नोंदवून घेऊ? विचार करून सांगा. सूनबाईंनी योग्य सल्ला दिला होता आणि तुम्ही तो नाकारला, असं?"

"घे लिहून," म्हटलं. "मोठ्या अक्षरात घे."

वकील न जेवता गेला. पुरणपोळी केली होती.

७ मे
हर्षलनं काल रात्री माह्या पायाले हात लावला. म्हणे, आई, तू तिच्यासाठी एवढं केलं. मी म्हटलं, येडा हायेस का? कोणासाठी काही केलं नाही. त्या मॅडमनं मले आजी म्हटलं, राग आला, बस. आज जब्बारभाऊ आले, तेही काहीतरी बरं बोलाले लागले, त्यायलेही झापलं. नसतं थोरपण माह्या गळ्यात बांधून राह्यले सारे.

अर्पिता सकाळपासून बोलली नाही. दुपारी गिऱ्हाईक होतं, मी तिले म्हटलं, "आता तं खूश हायेस नं?"

तं ते पोरगी फुटली. दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर. "खूश? तीनदा नाही, आई! पाचदा सांगतलं होतं! पाचदा! तुम्ही ऐकलं नाही त्याचं मले काही नाही वाटलं. तुमचं दुकान हाये, चुकाचा तुम्हाले हक हाये. पण त्या वकिलानं माह्यं नाव टाकू म्हटलं अन् मी 'चालन' म्हटलं, तवा तुम्ही पंखा पाहून राह्यल्या! दोन हप्ते मी वाट पाह्यली का माह्या घरातलं कोणीतरी एकदा म्हणन, नाही चालन. एकदा! माह्या नवऱ्यानं म्हटलं नाही, तुम्ही म्हटलं नाही. अन् म्हटलं तं कवा? त्या बाईनं तुम्हाले आजी म्हटलं तवा!"

हातातला जॉइनर तिनं भिंतीवर मारला. फुटला नाही. माल चांगला हाये आपला.

मले बोलाचं होतं. माह्याकडं बोलाले कधी कमी पडलं नाही. पण मी जॉइनर उचलला अन् पदरानं पुसत राह्यली. गिऱ्हाईकही निघून गेलं. ती माहेरी गेली, पिंपळगाव राजाले, संध्याकाळच्या एसटीनं.

११ मे
गेली तं गेली. मी कोणाले अडवलं नाही.

दुपारी तिले फोन लावला होता, छोटे कॉक कुठं ठेवले ते विचाराले. ती म्हणे, कोणते कॉक? म्हटलं तेच, छोटे. हर्षल बाजूले उभा होता. म्हणे, "आई, कॉक तं बंदरात हाये." म्हटलं तुले कोणी विचारलं बे.

ती फोनवर ऐकून राह्यली होती. मंग विचारते, "गोळी घेतली का?" म्हटलं घेतली. घेतली नव्हती.

२० मे
मी पिंपळगाव राजाले गेली होती. तिकडं मिरच्या चांगल्या भेटते. तिच्या आईनं जेवाले बसवलं. मी अर्पिताले म्हटलं, बंदराचे कागद अडून राह्यले, मले त्यातलं काही समजत नाही. तिच्या माहेरच्या चार माणसांसमोर म्हटलं, अन् मोठ्यानं म्हटलं. ती उठली अन् पिशवी भराले लागली. मिरच्या घ्याच्या राह्यल्याच.

१९ जून
आदेश आला. इंग्रजीत, लांबच लांब. हर्षल म्हणे, आई, शेवटचं सांगतो, मालावर दंड भरून सोडवता येते, अन् वेगळा दंड लागला तो तुह्यावर. किती ते इथं लिहत नाही, बीपीसाठीच तं ही डायरी हाये. अकोल्याच्या व्यापाऱ्याच्या पायरीवर पुन्हा जाणं आलं. तो हासन. हासू दे मेल्याले.

म्हटलं, "सुरुवातीपासून वाच."

"पूर्ण? तुले काय समजणार?"

"वाच म्हटलं नं."

त्यानं वाचलं. पान न् पान. मले इंग्रजी येत नाही, पण नाव कोणत्याही भाषेत नावच असते. माह्यं आलं, कितीतरी वेळा आलं. मधात एकदा त्यानं 'डॉटर-इन-लॉ' म्हटलं, तं मी त्याचा हात धरला. म्हटलं, हे काय? म्हणे, सुनेनं योग्य सल्ला देला होता असं लिहलं. नाव? नाव नाही. दंड? नाही. म्हटलं, पुढं वाच. शेवटपर्यंत कुठंच 'अर्पिता' आलं नाही.

मले म्हणे, "आई, तू कोणाचं नाव शोधून राह्यली होती?"

"माह्यं. बरोबर लिहलं का नाही ते पाहाले."

त्याची नजर मले आवडली नाही. त्याले गोडाऊनमधी पाठवून देलं.

अर्पिता काउंटरवर बसली होती. तिची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात हाये. तिच्यासमोर बंदराचा कागद होता, माल सोडवाले नवीन भराचा तो. जोड, कॉक, ड्रिपर अशा तीन ओळी होत्या, अन् तिन्हीसमोर नंबराची जागा कोरी. पेन हातात, अन् माह्याकडं पाहून राह्यली. म्हणे, "आई, काय लिहू?"

असा राग आला मले! एवढं रामायण झालं, बंदरात माल सडला, दंड लागला, सारं गाव हासलं, अन् हे पोरगी अजून मलेच विचारते.

म्हटलं, "मले काऊन विचारतं वं? एजंट तू हायेस का मी?"

तिनं मान खाली घातली अन् लिहाले लागली. हासून राह्यली होती का रडून, ते मले काही दिसलं नाही. मी चहा ठेवाले गेली.